साडेपंचवीस की पावणेपंचवीस?

प्रश्न : मी दोन वर्षांपासून ॲकॉस्टिक गिटार शिकतो आहे. 'एफ'ची बार कॉर्ड अजून धड लागत नाही. परवा मित्राची लेस पॉल हातात घेतली आणि तीच कॉर्ड पहिल्या झटक्यात स्वच्छ वाजली. बेंड करून सूर चढवणंही जमलं. माझ्या गिटारवर बोटं सोलून निघाली तरी ते जमत नाही. वाद्यांच्या दुकानात विचारलं तर मालक म्हणाले, 'तिचं स्केल छोटं आहे, तुमचं मोठं.' दोन्ही गिटारी टेपने मोजल्या, तर फरक दोन सेंटिमीटरचाही नाही. एवढ्याशाने एवढं बदलतं का? आणि मुळात सगळ्या गिटारी एकाच मापाच्या का करत नाहीत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मालक बोलले ते खरं आहे. पण तुम्हाला जो फरक जाणवला, त्यात या कारणाचा वाटा सगळ्यात लहान आहे. मोठा वाटा कशाचा, ते पुढे आकड्यांनी दाखवतो. आधी तुमच्या टेपकडे वळू, कारण गिटारची लांबी मोजताना भलेभले फसतात.

खुंट्यांच्या अलीकडे हाडाची किंवा प्लास्टिकची एक खाचा पाडलेली पट्टी असते, ती नट. पोटावरच्या ब्रिजवर दुसरी पट्टी असते, ती सॅडल. या दोन टेकूंच्या मधली तार कंप पावते आणि तिची लांबी म्हणजे स्केल लेंग्थ. (गाणारे लोक 'माझं स्केल काळी चार' म्हणतात, ते निराळं.) मग नटपासून सॅडलपर्यंत टेप लावला की झालं, असं वाटतं. पण तुमच्या ॲकॉस्टिकचं सॅडल जरा वाकून, एका बाजूने बघा. ते तिरकं बसवलेलं दिसेल, जाड तारांच्या अंगाला मागे सरकलेलं. तार फ्रेटवर दाबली की थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तारेचा जास्त चढतो. तो चढ मारण्यासाठी प्रत्येक तारेला दोन-चार मिलिमीटर लांबी जादा दिलेली असते. इलेक्ट्रिकवर तर प्रत्येक तारेचं सॅडल स्क्रूने वेगळं मागेपुढे करता येतं, त्यामुळे सहा तारांच्या सहा लांब्या निघतात. म्हणून नटच्या फ्रेटकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ही जादा लांबी सोडली तर बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर असतो आणि कंपनी सांगते तो आकडा बहुधा असाच काढलेला असतो.

आता बाजारातली मापं. फेंडरच्या टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टरची लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिमी. गिब्सनच्या लेस पॉलची पावणेपंचवीस, म्हणजे ६२९ मिमी. पीआरएस कंपनी १९८५ साली सुरू झाली आणि तिने दोघांच्या मधलं पंचवीस इंच धरलं. मार्टिनची मोठ्या पोटाची ड्रेडनॉट २५.४ इंचांची असते. दुकानात टांगलेल्या बहुतेक ॲकॉस्टिक याच मापाच्या आगेमागे भरतात, तुमचीही तशीच असणार. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार ६५० मिमीची. म्हणजे रोजच्या वापरातल्या बहुतेक गिटारी जेमतेम दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यात बसतात. या पट्ट्याच्या बाहेरच्या थोड्या. फेंडरची १९६२ची जॅग्वार चोवीस इंचांची, आणि बीटल्सच्या सुरुवातीच्या दिवसांत जॉन लेननच्या गळ्यात दिसते ती रिकेनबॅकर ३२५ तर पावणेएकवीसची.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो. तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि दर सेंटिमीटरमागे तिचं वजन. फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन याने १६३६च्या सुमारास हे नियम ग्रंथात मांडले आणि आजही वाद्यांच्या तारा बनवणारे त्यावरच कोष्टकं काढतात. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच : तीच तार, तोच सूर हवा असेल, तर लांबी वाढेल तिच्या वर्गाच्या प्रमाणात ताण वाढतो. लांबी ३ टक्के जास्त, तर ताण ६ टक्के जास्त.

मिरजेचे कारागीर मर्दानी आणि जनानी असे दोन आकारांचे तंबोरे करतात, तेही याच नियमापोटी. काळी एकला गाणाऱ्या बुवांचा लांब तंबोरा काळी चारला गाणाऱ्या बाईंसाठी लावायचा म्हटलं, तर सूर पंचमाने वर न्यावा लागेल. म्हणजे कंपनसंख्या दीडपट आणि ताण सव्वादोन पट. तारा तुटतील, नाहीतर तबलीचा जीव जाईल. त्यापेक्षा आखूड दांडीचा तंबोरा केलेला परवडतो. गिटारींमध्ये एवढा मोठा फरक कुठेच नसतो, पण गणित तेच.

आता तुमचा हिशेब. पहिली तार, म्हणजे सगळ्यात पातळ 'ई', घेऊ. ॲकॉस्टिकवर बहुधा बाराचा सेट असतो, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच जाडीची. मित्राच्या इलेक्ट्रिकवर दहाचा सेट असणार. तुमची पहिली तार सुरात असताना तिला साधारण साडेदहा किलो वजन टांगल्याइतका ताण असतो. मित्राच्या पहिल्या तारेला ६.९ किलोंचा. फरक झाला ३.६ किलोंचा. आता मित्राची दहाची तार काढून तुमच्या गिटारवर चढवली आणि त्याच सुरात लावली, असं धरा. ताण भरेल ७.३ किलो. म्हणजे तुमच्या ३.६ किलोंपैकी गिटारच्या लांबीने दिलेले ४०० ग्रॅमसुद्धा नाहीत. उरलेले ३.२ किलो तारेच्या जाडीचे आहेत. शिवाय ॲकॉस्टिकवर तिसरी तारही गुंडाळलेली असते, इलेक्ट्रिकवर ती साधी असते. बेंड करताना बोट सगळ्यात जास्त दुखवते ती हीच.

म्हणून दुकानात कोणी 'स्केल' म्हणालं की मी आधी विचारतो, सेट कोणता आहे? दहाचा काढून नऊचा सेट घातला की ताण १९ टक्के उतरतो. सगळी गिटार अर्ध्या सुराने खाली लावली की ११ टक्के उतरतो. फेंडर सोडून गिब्सन घेतली की ६ टक्के. खिशाला सगळ्यात जास्त झळ मात्र या शेवटच्या, सगळ्यात कमी फरकाच्या उपायाने लागते. टेक्ससचा स्टीव्ही रे वॉन साडेपंचवीस इंचांच्या स्ट्रॅटोकास्टरवर तेराच्या दोरखंडी तारा लावायचा आणि गिटार अर्ध्या सुराने उतरवायचा. त्याच्या बोटांच्या ताकदीच्या गोष्टी सांगणारे या अर्ध्या सुराचा उल्लेख सहसा करत नाहीत. उतरवूनही त्या तारा पुष्कळ ताठ राहतात हे खरंच, पण हातचा एक राखलेला होता.

मग लांबीने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि तो दोन ठिकाणी असा पडतो की तारा बदलून भरून निघत नाही.

पहिलं ठिकाण बेंडिंग. सतारीवर मींड घेताना तार बाजूला ओढतात तसंच इथे, फक्त ओढ कमी. एक पूर्ण सूर चढवायचा तर तारेचा ताण सव्वापट करावा लागतो. त्यासाठी बोटाने तार किती सरकवावी लागेल? साध्या, न गुंडाळलेल्या तारेचं गणित मांडलं की एक मजेशीर उत्तर येतं : जाडीचा त्या अंतराशी संबंधच नाही. नऊची तार असो की बाराची, बोटाला प्रवास तेवढाच. जाडीने बदलतो तो जोर. लांबी बदलली की मात्र प्रवास आणि जोर दोन्ही बदलतात. अंतर लांबीच्या वर्गाने वाढतं, जोर घनाने. फेंडरच्या तुलनेत गिब्सनवर बोट साधारण ६ टक्के कमी सरकवावं लागतं आणि जोर ९ टक्क्यांनी कमी लागतो. म्हणजे स्ट्रॅटवर पातळ तारा घालून तुम्ही लेस पॉलइतका हलका हात मिळवाल, पण बेंड कुठे थांबवायचा ही बोटाची सवय तुम्हाला नव्याने लावावी लागेल. एका गिटारवरून दुसरीवर गेलं की बेंड बेसूर होतात ते यामुळे. त्यात स्ट्रॅटचा ब्रिज मागच्या स्प्रिंगांवर तरंगत असेल तर एक तार ओढली की ब्रिजही पुढे झुकतो, बाकीच्या तारा उतरतात आणि बोटाला आणखी पुढे जावं लागतं. लोक याचाही दोष स्केलवर टाकतात.

दुसरं ठिकाण फ्रेटमधलं अंतर. नटपासून पहिला फ्रेट साडेपंचवीस इंचांच्या गिटारवर ३६.४ मिमीवर असतो, पावणेपंचवीसच्या गिटारवर ३५.३ वर. एक मिलिमीटर! पहिल्यापासून चौथ्या फ्रेटपर्यंत बोटं फाकवली तर ९७ मिमी आणि ९४ मिमी. ज्यांचा पंजा पुरेसा मोठा आहे त्यांना हे तीन मिलिमीटर कळणारही नाहीत. ज्यांची करंगळी आधीच शेवटच्या टोकाला पोचलेली असते, त्यांच्यासाठी कॉर्ड लागणं आणि न लागणं यांतला फरक तेवढाच असतो. वरच्या अंगाला गंमत उलटी होते. विसाव्या आणि एकविसाव्या फ्रेटमध्ये फेंडरवरही साडेअकरा मिलिमीटरच जागा असते आणि चोवीस इंचांच्या जॅग्वारवर अकराहून कमी. जाड बोटांच्या माणसाला तिथे लांब स्केल बरं वाटतं. 'छोटं स्केल म्हणजे सोपं' हे सरसकट खरं नाही ते यासाठी.

तुमची 'एफ' कॉर्ड मात्र या सगळ्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी अडकली असावी, असा मला दाट संशय आहे. नटमध्ये. स्वस्त ॲकॉस्टिकच्या नटच्या खाचा कारखान्यात पुरेशा खोल कापत नाहीत. खाच खोल गेली तर तार झणझणते आणि माल परत येतो. उथळ राहिली तर शिकाऊ माणूस स्वतःच्या बोटांना दोष देतो आणि माल परत येत नाही. परीक्षा सोपी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार किती उंच राहते ते उजेडाकडे धरून बघा. केसाच्या जाडीची फट असावी. तिथून पोस्टकार्ड जात असेल तर नट उंच आहे. आणखी एक खूण : पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि तोच 'एफ'चा आकार एक फ्रेट पुढे धरा. फ्रेटमधलं अंतर दोन मिलिमीटरनेच कमी झालेलं असतं, पण कॅपो लावल्यामुळे नट खेळातून बाद होतो. कॉर्ड एकदम सोपी झाली, तर गुन्हेगार सापडला. वाद्य दुरुस्त करणारा चांगला माणूस बारीक कानशीने हे काम तासाभरात करून देतो. स्वतः करायला जाऊ नका. खाच एकदा जास्त खोल गेली की नवा नटच बसवावा लागतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न : सगळ्या एकाच मापाच्या का नाहीत?

क्लासिकल गिटारचं ६५० मिमी हे माप रूढ झालं ते अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिरामुळे. तो १८१७ साली आल्मेरियात जन्मला आणि सेव्हिलमध्ये नावारूपाला आला. त्याच्या काळात वरच्या तीन तारा जनावरांच्या आतड्याच्या असत. इथे तारेचा एक चमत्कारिक गुण आडवा येतो. ठरावीक लांबीची तार कोणत्या सुराला तुटणार, हे तिच्या जाडीवर ठरत नाही. जाड तारेत बळ जास्त, पण त्याच सुराला तिला ताणही त्याच पटीत जास्त लागतो. दोन्ही बाजू फिटतात आणि उरते ती लांबी. आतड्याची पहिली तार ६५० मिमीवर आपल्या सुराला लावली की ती सोसण्याच्या टोकाजवळ पोचलेली असते. गिटार याहून लांब केली की तारा पटापट तुटणार. आखूड केली की खालचे सूर पोकळ वाजणार. तोरेसने मधली जागा पकडली आणि ती टिकली. १९४०च्या दशकात नायलॉन आलं तेव्हा कारण संपलं होतं, पण माप राहिलं. पुढे माद्रिदच्या तिसऱ्या होसे रामिरेझने मोठ्या सभागृहांसाठी ६६४ मिमीच्या गिटारी केल्या. क्लासिकल गिटारचा नामवंत वादक सेगोव्हिया याने त्या वाजवल्या म्हणून जगभरच्या विद्यार्थ्यांनी घेतल्या आणि पुढे कारागीर पुन्हा ६५० वर आले. सेगोव्हियाचा पंजा सगळ्यांना नसतो.

पोलादी तारांना हा धाक नाही. साडेपंचवीस इंचांवर पोलादाची पहिली तार तिच्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास काम करत असते, म्हणून अमेरिकी कंपन्यांना मोकळं रान मिळालं. गिब्सनचं पावणेपंचवीस तर कागदावरचंच म्हणावं लागेल, कारण अशा कित्येक गिटारी मोजल्या की साडेचोवीसच्या थोड्या वर भरतात. याचं एक कारण सांगितलं जातं ते मला पटतं. गॅलिलिओचे वडील विन्चेंझो गॅलिलेई हे ल्यूटवादक होते. त्यांनी सोळाव्या शतकात फ्रेट बसवण्याचा सोपा नियम सांगितला : उरलेल्या लांबीचे अठरा भाग करा, एक सोडून फ्रेट ठोका, पुन्हा उरलेल्याचे अठरा. अचूक आकडा अठरा नसून १७.८१७ आहे. अठराने भागत गेलं तर बारावा फ्रेट मध्यावर न येता नटच्या बाजूला किंचित अलीकडेच राहतो. पावणेपंचवीस इंचांवर हा नियम चालवा आणि बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर दुप्पट करा, उत्तर येतं २४.५७. मोजलेल्या गिटारींशी ते जुळतं. म्हणजे तुमच्या मित्राची 'पावणेपंचवीस' बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून बघाच.

फेंडरने लहान मापांचे प्रयोग भरपूर केले, विद्यार्थ्यांसाठी १९५६ साली साडेबावीस इंचांच्या म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक काढल्या. चोवीस इंचांची सगळ्यात गाजलेली गिटार मात्र कोणत्याच कंपनीने केलेली नाही. लंडनच्या ब्रायन मेने वडिलांच्या मदतीने १९६३ साली घरीच ती बनवायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, ब्रिजचे स्प्रिंग मोटारसायकलच्या इंजिनातले. क्वीन बँडचं बहुतेक संगीत त्याने याच गिटारवर, फार पातळ तारा लावून वाजवलं आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजाला तिची साथ मिळाली. आखूड गिटार म्हणजे नवशिक्यांची गिटार, असं म्हणणाऱ्याला मी हिचं नाव सांगतो.

उलट दिशेला, लांब स्केलची गरज पडते ती खालच्या सुरांना. हेवी मेटल वाजवणारी मुलं जाड 'ई' उतरवून 'बी'पर्यंत नेतात. आखूड गिटारवर एवढी उतरवलेली तार लोंबते, फ्रेटवर आपटते, आणि जाड तार घालावी तर दुसरंच दुखणं येतं. जाड, आखूड तार स्वतःच्या ताठरपणामुळे लोखंडी कांबीसारखी वागू लागते. तिचे वरचे उपस्वर मूळ सुराच्या नेमक्या पटीत राहत नाहीत, थोडे चढे होतात आणि आवाज चिखलात कालवल्यासारखा येतो. हा दोष लांबी वाढवली की झपाट्याने कमी होतो. मैफिलीचा ग्रँड पियानो नऊ फुटी असतो तो याचसाठी. बॅरिटोन गिटार २७ ते ३० इंचांची आणि फेंडरची बेस ३४ इंचांची असते, तीही याचसाठी. मग वरच्या तारांना आखूड आणि खालच्या तारांना लांब माप का देऊ नये? अमेरिकेच्या राल्फ नोवाकने १९८९ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. फ्रेट पंख्यासारखे तिरके पसरलेले दिसतात त्या गिटारी ह्या. सोळाव्या शतकातल्या ऑर्फेरियन या वाद्याचे फ्रेटही असेच तिरके होते, म्हणजे कल्पना तशी जुनीच. पाहून धडकी भरते, पण हाताला लवकर सवय होते.

आवाजाबद्दल एक शब्द, कारण पुढचं पत्र त्यावरच येणार. फेंडर खणखणीत आणि गिब्सन गोड, हे स्केलमुळे असं लिहिलेलं सर्रास आढळतं. थोडा हातभार स्केलचा असेलही. पण एकीवर एका वेटोळ्याचे पिकअप, दुसरीवर दोन वेटोळ्यांचे हंबकर, एकीची मान स्क्रूने आवळलेली आणि दुसरीची चिकटवलेली. एवढं सगळं निराळं असताना श्रेय पाऊण इंचाला देणं मला तरी धाडसाचं वाटतं.

नट ठीक करून झाल्यावर, नवी गिटार घेण्याआधी घरबसल्या एक प्रयोग करा. सगळी गिटार अर्ध्या सुराने खाली लावा, सहाही तारा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. सूर पुन्हा जागेवर आले, पण कंप पावणारी लांबी आता २४ इंच झाली. म्हणजे तुमच्या हातात फुकटात जॅग्वारचं माप आलं. ताण ११ टक्के उतरला आणि फ्रेट दोन-दोन मिलिमीटरने जवळ आले. आठवडाभर असंच वाजवा. फार बरं वाटलं, तर आखूड स्केलची गिटार तुमच्यासाठी आहे. टेलरची जीएस मिनी साडेतेवीस इंचांची आहे, मार्टिनच्या लहान पोटाच्या ०००-मध्ये २४.९ मिळतं. विशेष फरक वाटला नाही, तर अकराचा सेट लावा आणि पैसे वाचवा. फक्त लक्षात ठेवा, तारा बाराच्या अकरा केल्या की मानेवरचा एकूण ओढा कमी होतो, मान थोडी सरळ होते आणि तारा फ्रेटला घासू शकतात. तेव्हा मानेतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव वळसा सैल करून घ्यावी लागेल.

याच विषयावर आलेले दोन छोटे प्रश्न.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. 'थ्री-क्वार्टर' गिटार घेतली, पण तारा अगदी सैल लागतात. गिटार खराब निघाली का?

उत्तर : नाही. थ्री-क्वार्टर नाव असलं तरी लांबी पाऊण नसते. क्लासिकल थ्री-क्वार्टर साधारण ५८० मिमीची असते. पूर्ण मापाच्या तारा तिच्यावर त्याच सुरात लावल्या की ताण २० टक्के कमी भरतो, म्हणून सैल वाटतात. 'हार्ड टेन्शन' लिहिलेला नायलॉनचा सेट लावा, बराच फरक पडेल. पोलादी तारा मात्र चुकूनही लावू नका. त्या ओढीने हलका ब्रिज उखडून येतो.

प्रश्न : पॉल मॅकार्टनीसारखी व्हायोलिनच्या आकाराची बेस घेतली. नेहमीच्या बेसचा सेट कापून लावला तर चालेल का?

उत्तर : चालवू नका. त्या घाटाची बेस ३० इंचांची असते, नेहमीची ३४ ची. नेहमीच्या सेटमध्ये जाड गुंडाळी जास्त लांब असते. ती आखूड बेसवर नट ओलांडून थेट खुंटीवर चढते. तिथे जाड भाग वळवला की आतली तार आणि वरची गुंडाळी यांची पकड सुटते आणि तार मेल्यासारखी वाजते, बहुतेकदा सगळ्यात जाड 'ई'. पाकिटावर 'शॉर्ट स्केल' लिहिलेलाच सेट मागा. आणि कापायची वेळ आलीच तर तार आधी खुंटीपाशी काटकोनात दुमडा, मग दुमडीच्या पुढे कापा. सरळ कापली तर गुंडाळी उलगडत जाते.